चिलमीत नेमकं काय आहे? मुंबईच्या हर्बल हुक्क्याचं प्रकरण

एप्रिल २०२३. चेंबूरमधल्या एका रेस्टॉरंटला मुंबई महापालिकेचा आदेश मिळतो: सात दिवसांत हर्बल हुक्का बंद करा, नाहीतर उपाहारगृहाचा परवाना रद्द होईल. आदेशाची तारीख १८ एप्रिल. मालक उच्च न्यायालयात जातात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्या हुक्क्यात तंबाखू नाही. तंबाखूच नाही म्हटल्यावर तंबाखूचा कायदा आम्हाला कसा लावता? न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. आर. एन. लढ्ढा यांच्या खंडपीठाने २४ एप्रिलला महापालिकेच्या बाजूने निकाल दिला.

सहा दिवसांचा मामला दिसतो, पण त्याच्यामागे बारा वर्षांची ओढाताण आहे. महापालिका, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, केंद्राचं आरोग्य मंत्रालय आणि राज्याचं विधिमंडळ असे सगळे या काळात हुक्क्याच्या मागे लागले होते. हुक्का मात्र टेबलावरून हलला नाही. माझ्या मते याचं कारण भ्रष्टाचार किंवा अनास्था एवढंच नाही. ते आहे, पण त्यावर सगळं ढकललं की नियमाची स्वतःची खोट झाकली जाते. प्रत्येक नियम तपासायला आलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायला लावत होता आणि त्याचं उत्तर त्याला टेबलापाशी उभं राहून मिळतच नव्हतं. २०२३ च्या निकालाने तो प्रश्न बदलला.

मुळापासून पाहू. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान नको हा नियम आपल्याकडे आधी न्यायालयातून आला. मुंबईचे माजी महापौर आणि काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला. रुग्णालयं, शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, न्यायालयांच्या इमारती, सरकारी कचेऱ्या, प्रेक्षागृहं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं इथे धूम्रपान बंद झालं. मग सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांवरचा २००३ चा केंद्रीय कायदा आला. सरकारी कागदांत आणि पोलिसांच्या तोंडी त्याचं नाव ‘कोटपा’. त्याचं कलम ४ सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी घालतं आणि दंड आहे जास्तीत जास्त २०० रुपये. २ ऑक्टोबर २००८ पासून या कलमाचे सविस्तर नियम लागू झाले. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटरची ती ‘धूम्रपान निषिद्ध’ पाटी, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लावणं, ॲश-ट्रे आणि काडेपेटी न पुरवणं, हे सगळं त्यातलं. मोकळी जागा म्हणून पळवाट नको यासाठी रेल्वे स्थानक, बसथांबा, स्टेडियम यांनाही नियमांनी कक्षेत घेतलं. जागेच्या मालकाने तक्रारीकडे कानाडोळा केला, तर जितके लोक ओढत सापडतील तितका दंड त्याच्यावर. कागदावर हे नियम चांगलेच कडक आहेत.

फक्त एक दार उघडं राहिलं. तीस किंवा त्याहून जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा त्याहून जास्त आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवायची मुभा कायद्यानेच दिली. हा कक्ष म्हणजे कोपऱ्यातलं टेबल नव्हे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट इमारतीबाहेर फेकणारी व्यवस्था आणि धूर बाहेरच्या दालनात येऊ नये म्हणून आत कमी दाब, असं नियमात लिहिलंय. आपण किती रेस्टॉरंटांत असा कक्ष पाहिला आहे, याचा विचार वाचकाने आपल्यापुरता करावा. मी पाहिलेल्या बहुतेक ‘स्मोकिंग झोन’ना एक काचेचं सरकतं दार असतं आणि ते उघडंच असतं.

हुक्क्याचा धंदा या दारातून आत आला. सिगारेट ओढणारा माणूस पाच-सात मिनिटांत मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने हुक्क्याच्या एका बैठकीचा वेळ २० ते ८० मिनिटं असा नोंदवला आहे. म्हणजे गिऱ्हाईक तासभर बसतं, मित्रांना बोलावतं, मध्ये दोनदा खायला मागवतं. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक नाही. त्यामुळे धूम्रपान कक्ष ही ज्यांना ओढायचंच आहे त्यांच्यासाठीची सवलत न राहता धंद्याची मुख्य जागा झाली.

महापालिकेने २०११ मध्ये पहिला घाव घातला. एका जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी करायला सांगितल्यावर, ४ जुलै २०११ च्या परिपत्रकाने उपाहारगृहाच्या परवान्यात जादा अटी आल्या. सार असं की धूम्रपान कक्षात हुक्क्याचं साहित्य पुरवायचं नाही. हुक्कावाले न्यायालयात गेले. ऑगस्ट २०११ मध्ये उच्च न्यायालयाने अटी योग्य ठरवल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबर २०१४ ला त्या रद्द केल्या.

तो निकाल न्या. रोहिंटन नरिमन यांनी लिहिला. नियमात म्हटलं होतं, की सार्वजनिक ठिकाणी ‘ॲश-ट्रे, काडेपेट्या, लायटर किंवा धूम्रपान सुलभ करणाऱ्या इतर वस्तू’ पुरवायच्या नाहीत. महापालिकेचं म्हणणं, हुक्का ही त्या ‘इतर वस्तूं’मधलीच. न्यायालय म्हणालं, नाही. काडेपेटी आणि लायटर ही धूम्रपानाला मदत करणारी सामग्री आहे. हुक्का मात्र ज्यातून धूम्रपान होतं ते साधन आहे. खुद्द कायद्याची ‘धूम्रपाना’ची व्याख्याच पाइप आणि तत्सम साधनांतून तंबाखू ओढणं धरून आहे. तेव्हा जिथे धूम्रपानाला मुभा आहे, तिथे हुक्क्यालाही आहे. महापालिका परवान्याच्या अटी घालून केंद्रीय कायद्याच्या पुढे जाऊ शकत नाही.

मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने पटतो, आणि नगरव्यवस्थेच्या दृष्टीने तो महागात पडला असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. न्यायालयाने शब्द नीट वाचले. चूक शब्द लिहिणाऱ्यांची होती. सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नियमाला कोळशावर चालणारी तासाभराची बैठक पेलायची होती. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने नियम सुधारले: धूम्रपान कक्षात कोणतीही सेवा द्यायची नाही. म्हणजे आत ओढा, पण आत वेटर येणार नाही. हुक्का हा तर पूर्णपणे वेटरवर चालणारा प्रकार. नियम तसाच्या तसा पाळला गेला असता, तर धंदा तिथेच संपला असता.

मग कमला मिल. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या त्या आवारातल्या गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंटांना आग लागली आणि चौदा माणसं गेली. हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी पडद्यांना लागली, असं अग्निशमन दलाच्या अहवालात आलं. चौदा माणसं गेल्यावर विधिमंडळ हललं. कोटपात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती झाली आणि राष्ट्रपतींची संमती मिळून ती ऑक्टोबर २०१८ मध्ये लागू झाली. गुजरातने आदल्याच वर्षी असा कायदा केला होता. महाराष्ट्राचं नवं कलम ४अ सांगतं, की उपाहारगृहासह कोणत्याही ठिकाणी कोणीही हुक्का बार उघडायचा किंवा चालवायचा नाही. शिक्षा किमान एक आणि कमाल तीन वर्षांची कैद, शिवाय पन्नास हजार ते एक लाखाचा दंड. दखलपात्र गुन्हा. साहित्य जप्त करायचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना.

कलम ४ चे २०० रुपये आठवा आणि ही शिक्षा शेजारी ठेवा. हुक्क्याच्या बिलापुढे २०० रुपयांचा दंड म्हणजे काहीच नाही. एक वर्षाची कैद म्हणजे धंद्याचा शेवट. इतकी धार असलेला कायदा आल्यावर शहरातले हुक्का बार बंद व्हायला हवे होते. झालं असं, की फळ्यावर आणि मेन्यू कार्डावर ‘हुक्का’च्या आधी ‘हर्बल’ हा शब्द आला.

कायद्यात हुक्का बारची व्याख्या केली आहे. लोक जमून हुक्क्यातून तंबाखू ओढतात ती जागा म्हणजे हुक्का बार. तंबाखू हा शब्द व्याख्येतच बसलेला. कोटपा हा कायदाच मुळात तंबाखूचा, त्यामुळे तो शब्द येणं स्वाभाविक. पण ज्या आगीमुळे कायदा झाला, ती तंबाखूने लागली नव्हती. ती कोळशाने लागली होती. हे अंतर कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी तंबाखूच्या कायद्यात कोळशाला जागा नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं आणि बंदी तंबाखूच्या हुक्क्यापुरतीच आहे हे स्पष्ट झालं. तंबाखू नसलेला हुक्का चालवता येईल. त्यात तंबाखू सापडली तर पोलिसांनी कारवाई करावी. ऐकायला चोख वाटतं. आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते पाहा.

रात्री साडेअकराला उपनिरीक्षक चार शिपाई घेऊन आत शिरतो. टेबलावर काचेचा पॉट, त्यावर नळी, वर मातीची चिलीम. चिलमीत काळपट, चिकट, गुळासारखा लगदा, त्यावर सुईने भोकं पाडलेलं फॉइल, त्यावर तीन लाल निखारे. वेटरच्या हातात चिमटा आणि कोळशाची टोपली. काउंटरमागे फ्लेवरचे डबे: डबल ॲपल, मिंट, पान. डब्यांवर ठळक छापलेलं की तंबाखू शून्य टक्के, निकोटीन शून्य टक्के. मालक नम्रपणे डबा पुढे करतो आणि २०१९ च्या आदेशाची झेरॉक्स काढून देतो. लगदा तंबाखूचा आहे की काकवी आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या कुठल्या पानांचा, हे रंगावरून, वासावरून, चवीवरून कळत नाही. सफरचंदाचा वास दोन्हींना येतो. डब्यात एक आणि चिलमीत दुसरं असणंही सहज शक्य.

उपनिरीक्षकापुढे दोनच वाटा. पंचनामा करून नमुना सीलबंद करायचा आणि कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवायचा, किंवा ‘नीट चालवा’ म्हणून बाहेर पडायचं. पहिल्या वाटेवर अहवाल हातात येईपर्यंत गुन्हा टिकेल की नाही याची खात्री नाही, आणि त्याच प्रयोगशाळेच्या दारात खुनाचे आणि विषबाधेचे नमुने रांगेत असतात. अहवाल येईस्तोवर हॉटेल चालू. तंबाखू नाही निघाली तर मालक नुकसानभरपाई मागायला मोकळा. दुसऱ्या वाटेला दरमहा किती भाव लागतो, ते लिहायची मला गरज वाटत नाही. ज्या नियमाचा निर्णय रसायनशास्त्रावर ठेवलाय, तिथे वर्दीतला माणूस एकतर हतबल होतो नाहीतर मोकाट. मुंबईत दोन्ही झालं.

आणि ‘हर्बल’ म्हणजे निरुपद्रवी हेही खरं नव्हे. चिलमीत काहीही असो, वर कोळसा जळतोच, आणि जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. तो ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जातो आणि बंद खोलीतल्या प्रत्येकाच्याही. शेजारच्या टेबलावर पावभाजी खाणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला तंबाखू आणि काकवीच्या धुरातला फरक काय कामाचा?

चेंबूरच्या प्रकरणाचं महत्त्व इथे आहे. महापालिकेने या वेळी तंबाखूचा मुद्दा सोडून दिला. तिने स्वतःच्या, १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाकडे पाहिलं. त्याच्या कलम ३९४ नुसार खाद्यगृह चालवायला पालिकेचा परवाना लागतो, कारण आग, दुर्गंधी, उपद्रव आणि आरोग्याला धोका या गोष्टी पालिकेने पाहायच्या. परवाना कशाचा? अन्न आणि पेयं देण्याचा. त्यात हुक्का कुठे लिहिलाय? कुठेच नाही. मालकाने हुक्का हर्बल असल्याचं म्हटलं, त्यावर पालिकेचं उत्तर: ‘असेल, पण परवाना त्याचा नाही.’

उच्च न्यायालयाने हेच उचलून धरलं. हुक्का हा उपाहारगृहाच्या परवान्याचा भाग नाही, म्हणून तो देता येणार नाही. तो एका रेस्टॉरंटला चालू दिला तर शहरातलं प्रत्येक खाद्यगृह उद्या हुक्का देईल आणि काहीच हातात राहणार नाही. बायका, मुलं, म्हातारी माणसं जिथे खायला येतात, तिथे ज्वाळा किंवा पेटता कोळसा वापरून केलेला हुक्का मेन्यूतला पदार्थ म्हणून येऊ शकत नाही, तो इतरांना निव्वळ उपद्रव ठरेल. आणि मला सर्वांत मोलाचं वाटणारं निरीक्षण: मालक काय घटक वापरतो आणि ते खरंच हर्बल आहेत का, याच्यावर महापालिका आयुक्तांनी सतत पाळत ठेवावी अशी अपेक्षा धरता येत नाही.

या शेवटच्या वाक्याने सिद्ध करण्याचा भार उलटला. २०१९ नंतर तंबाखू आहे हे पोलिसांनी दाखवायचं होतं. २०२३ नंतर परवाना आहे हे हॉटेलने दाखवायचं. वॉर्डातला आरोग्य अधिकारी दारात उभा राहून दोन गोष्टी पाहू शकतो: टेबलावर पेटता कोळसा आहे का, आणि भिंतीवरच्या परवान्यात त्याचा उल्लेख आहे का. प्रयोगशाळा नको, नमुना नको. कारवाईही कैदेची नाही, परवान्याची आहे. कैदेचा खटला वर्षानुवर्षं चालतो आणि हॉटेल दुसऱ्याच्या नावावर होतं. परवाना गेला की मात्र उद्या सकाळी शटर वर करता येत नाही, आणि हे प्रत्येक हॉटेलवाल्याला ठाऊक असतं.

इथे कोणी म्हणेल, २०१४ मध्ये परवान्याच्या अटीच तर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या होत्या, मग हे कसं टिकलं? फरक बारीक पण खरा आहे. २०११ मध्ये पालिकेने धूम्रपानाच्या कायद्यात हात घातला होता, जिथे केंद्राने आधीच मुभा दिली होती. २०२३ मध्ये तिने धूम्रपानाबद्दल काही म्हटलंच नाही. खुद्द हॉटेलवालेच सांगत होते की आमच्याकडे तंबाखूचं धूम्रपान होत नाही. मग तंबाखू कायद्यातल्या धूम्रपान कक्षाच्या सवलतीचा आधार त्यांना कसा मिळणार? हर्बलची ढाल घेतली आणि कोटपाचं छत्र गेलं. पालिकेच्या वकिलांना हे आधी सुचलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती.

नुसती इच्छाशक्ती पुरत नाही हे त्याच वर्षी कोलकात्यात दिसलं. तिथल्या महापालिकेने हुक्का बार बंद करायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने विचारलं, कोणत्या कायद्याखाली? राज्याचा असा कायदा नव्हता. पोलिसांना हात मागे घ्यावा लागला. कर्नाटकाने २०२४ च्या फेब्रुवारीत उलट टोक गाठलं: निकोटीन असो वा नसो, तंबाखू असो वा नसो, हुक्क्याची सगळी उत्पादनं बंद. तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ती बंदी मान्यही केली. बंगळुरूच्या फौजदाराला आता डब्यावर काय छापलंय ते वाचायची गरज नाही.

महाराष्ट्रात तसं झालेलं नाही, आणि म्हणून मुंबईच्या तोडग्याला सीमा आहेत. कलम ३९४ मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरतं. पुणे, ठाणे, नाशिक, नवी मुंबई इथे १९४९ चा वेगळा महानगरपालिका अधिनियम चालतो, नगरपरिषदांना १९६५ चा. तिथल्या अधिकाऱ्याला त्या त्या कायद्यातलं परवान्याचं कलम शोधून, त्याच धर्तीवर आदेश काढून, तो न्यायालयात टिकवावा लागेल. शिवाय परवान्याचा धाक ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच. कर्जत-लोणावळ्याकडे शनिवार-रविवारसाठी भाड्याने दिलेला बंगला, सोसायटीच्या गच्चीवरची वाढदिवसाची पार्टी, घरपोच पॉट आणून देणारा मुलगा, यांच्याकडे उपाहारगृहाचा परवानाच नसतो, तर रद्द काय करणार? तिथे पोलिसांना पुन्हा २०१८ च्या कलमाकडे जावं लागतं आणि पुन्हा तोच लगदा, तोच सीलबंद नमुना, तीच कलिन्याची रांग.

हुक्का बारच्या व्याख्येतून ‘तंबाखू’ काढून ‘कोळसा किंवा अन्य ज्वलनाने’ असं काही घालता येईल का, तर ते तंबाखूच्या कायद्यात बसणार नाही, आणि न्यायालयात पहिल्याच तारखेला पडेल. ते बसेल अग्निसुरक्षेच्या कायद्यात. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम राज्यभर लागू आहे. बंद जागेत, गिऱ्हाइकाच्या टेबलावर पेटता कोळसा ठेवायला मनाई, एवढी एक ओळ त्याच्या नियमांत आली तर पुण्याचा अग्निशमन अधिकारी आणि लोणावळ्याचा मुख्याधिकारी दोघांनाही चिलमीत काय आहे हे विचारावं लागणार नाही. कमला मिलच्या आगीनंतर सर्वांत आधी सुचायला हवी होती ती ओळ हीच.